सात नंबरची कोरडी पिपेट

सोमवार, १० ऑगस्ट १९९८

नवीन मॅडम आज परत ओरडली.

वृषाली मॅडम. पुण्याची. वय सत्तावीस, अंगाने काडी, आवाज मात्र हवालदाराचा. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल घेते. "मी परत सांगणार नाही" असं इंग्रजीत म्हणते आणि मग तेच तीनदा सांगते, तेही इंग्रजीत. एफ.वाय.ची पोरं नंदीबैलासारख्या माना हलवतात. कळतं कुणाला? या लॅबमध्ये सोळा वर्षं काचा धुऊन मला जेवढं कळतं, तेवढंसुद्धा त्यांना कळत नसेल.

आज ओरडली ती रुपालीवर. सात नंबरचं टेबल, माझ्या बेसिनला लागून. टेबलावर ती एकटीच असते. डोंगराकडची पोरगी, नाणेघाटाच्या अंगाची. इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहते.

"नऊ पॉइंट सहा. दहा पॉइंट तीन. नऊ पॉइंट नऊ. एकच सोल्युशन, तीन वेळा केलंस आणि तीन उत्तरं? मोजलंस की अंदाजाने लिहिलंस?"

मागचे हसले. रुपाली रडली असती तर बरं झालं असतं, मॅडम थांबली असती. ही खाली बघत उभी राहिली आणि मॅडमला वाटलं, माज आहे.

मधे बोलायचं माझं काम नाही. म्हणून इथे लिहिते. गेल्या वर्षी कुणीतरी जर्नल टाकून गेलं, निम्मं कोरं. डावं पान बिनरेघांचं, उजवं रेघांचं. मी उजव्यावरच लिहिते. चौथी पास बाईला रेघ लागते.

मॅडम माझ्या थोरल्या पोरीच्या वयाची आहे. तोंडावर अहो-जाहो. इथे अगं-तुगं. इथे मला कोण विचारतंय.

मंगळवार, ११ ऑगस्ट

यांना सांगत होते रुपालीचं. हे आळेफाट्याला गॅरेजात फिटर. म्हणाले, "एकच दवा तीनदा मोजला तर तीन आकडे कसे येत्याल?"

मी समजावलं. दोन नळ्या असतात. एक उभी, खाली तोटी असलेली, ती ब्युरेट. दुसरी पिपेट, मधे फुगीर. पिपेट तोंडाने ओढायची, आतलं खुणेपर्यंत आलं की वरून बोट दाबायचं. म्हणजे बरोबर दहा मिली येतं, एक थेंब इकडे नाही तिकडे नाही. ते काचेच्या भांड्यात सोडायचं, त्यात ब्युरेटमधलं थेंब थेंब टाकायचं. गुलाबी झालं की थांबायचं आणि किती लागलं ते लिहायचं. तीनदा केलं तर तीनदा तेवढंच लागायला पाहिजे.

"तोंडानं वढायचं? आमी डिझेल वढतो तसं?"

"तसंच."

"मग तुमची पोरं माझ्याकडं पाठव. एकदा डिझेल पोटात गेलं की माणूस जन्मात चुकत न्हाई."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

सोमवार, १७ ऑगस्ट

परत तीन आकडे. मॅडमने लाल पेनाने फुली मारली.

नऊ नंबरच्या पोरांची तिन्ही रीडिंग सारखी. त्यांनी एकदाच केलं, दोनदा नुसतं लिहिलं. मला माहीत आहे, तीनातलं एकच भांडं घाण झालं होतं, दोन कोरडी ठणठणीत. त्यांना मॅडमने लिहून दिलं 'गुड'.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

मॅडमने नारायणगावात खोली घेतली आहे. मी शेजारच्या वारूळवाडीची. कॉलेजकडे सकाळची गाडी एकच. ती पुढे ड्रायव्हरच्या मागे बसते, मी मागे. आज पुढे जागा नव्हती म्हणून माझ्याशेजारी बसली. डब्यात काय, तर ब्रेडला लावलेला जाम. रोज तेच, म्हणाली.

मी मासवडी केली होती. दोन तुकडे आणि रस्सा दिला. गाडी हलत होती, रस्सा साडीवर सांडला, तरी डोळे मिटून खात होती. नाकातून पाणी आलं तिखटाने. "मावशी, हे काय आहे?" म्हणते. पुणं इथून काय विलायतेत आहे का? मासवडी माहीत नाही!

खाताना हवालदार कुठे गेला कुणास ठाऊक. लहान दिसत होती.

सोमवार, ७ सप्टेंबर

सापडलं.

आज कॉस्टिक सोड्याचं प्रॅक्टिकल होतं. सोड्याची पिपेट लगेच धुतली नाही तर टोकाला पांढरं धरतं. मी टेबलाटेबलावरून पिपेटी गोळा करत होते. एक ते सहा, टोकं पांढरी. आठ, नऊ, दहा, पांढरी. सात नंबरची कोरडी. आत पाण्याचा थेंबसुद्धा नाही, उलट मागच्या आठवड्याची धूळ तशीच. आणि तिचा मेजरिंग सिलिंडर, तो पेल्यासारखा उभा मोजायचा असतो तो, ज्याचं आज कामच नव्हतं, तो ओला.

म्हणजे पोरगी पिपेट हातातच घेत नाही. सिलिंडरने ओतून मोजते. सिलिंडरने कधी बरोबर दहा येतं का? कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी. मग तीन आकडे येणारच. आणि ही शहाणी आलेला आकडा खरा लिहिते. नऊ नंबरवाल्यांसारखं खोटं लिहिलं असतं तर हिलाही 'गुड' मिळालं असतं.

बाकीची गेल्यावर तिला धरलं. "का गं, तू पिपेट का वापरत नाहीस?"

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड लावाया लागतंय, मावशी."

"मग?"

"उष्टं व्हतंय."

आता काय बोलायचं? आमच्या सासूबाई तशाच होत्या. तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायच्या, ओठ लावायच्या नाहीत. डोंगरातली जुनी घरं त्याहून कडक असणार. पण कॉलेजात येऊन हे? मी म्हणले, "मग शिकणार कसं तू, कप्पाळ?" आणि माझ्या कामाला लागले. चार बॅचच्या काचा पडल्या होत्या.

मॅडमला मी सांगायला जाणार नाही. काचा धुणाऱ्या बाईने प्रोफेसरला काय सांगायचं?

बुधवार, ९ सप्टेंबर

लॅब असिस्टंट गेणभाऊंना सांगितलं. ते सगळी सोल्युशनं बनवतात, त्यांचं मॅडम ऐकते. म्हणाले, "गोजरबाई, आपून गप ऱ्हावं. नवीन माणूस, वरून हेडसरांचा धाक. पोरं हाताबाह्यर गेली की पयलं तिला धरत्यात."

हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, २३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. मॅडम जर्नलं घेऊन बसली. जर्नलवर तिची सही नसेल तर मार्चच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. रुपालीची सात प्रॅक्टिकलं झाली, सातहींवर लाल फुली.

मॅडमने जर्नल परत दिलं. दिलं म्हणजे टेबलावरून सरकवलं, ते खाली पडलं. मुद्दाम नाही पाडलं, पण पडलं. रुपालीने उचललं, ओढणीने पुसलं आणि कपाळाला लावलं.

मॅडमने ते बघितलं. मी मॅडमला बघितलं. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पुढचं जर्नल घेतलं.

सोमवार, ७ डिसेंबर

रुपालीचा बाप आला होता. कुशाबा. धोतर, बंडी, खांद्यावर पिशवी, पायांत मात्र नवीन चपला, कॉलेजात यायचं म्हणून घेतलेल्या. पायाला लागत होत्या, दारात काढूनच ठेवल्या. वसतिगृहातल्या बाईंनी निरोप धाडला होता, पोरीचं जर्नल अडलंय म्हणून.

मॅडम लेक्चरला होती. तो माझ्याकडेच आला. त्याला वाटलं मीच मॅडम. कुणी मला पहिल्यांदाच मॅडम म्हणालं आणि तेही रडकं तोंड करून.

"मॅडम, आमच्या पोरीकडून काय चुकलं का?"

मी म्हणले, "मी मॅडम नाही, मी काचा धुते. बसा."

बसला नाही. "नापास झाली तर वसतिगृहातली जागा जाती म्हणत्यात. आन् घरून कशी यील वो ती? एक गाडी, मुक्कामाची, पहाटं सुटती, ती पण आमच्या वाडीपासून दीड तासाच्या वाटंवर. बारावीला ह्या पोरीला केमिस्ट्रीत शंभरातलं एकोणऐंशी मिळालं. मास्तर म्हणलं, वाडीतली पयली बी.एस्सी. व्हईल ही. तवा म्या म्हनलं, जाऊ द्या."

रुपाली मागे उभी. बापाला म्हणाली, "दादा, चला ना." मॅडम येईपर्यंत थांबला नाही. गाडी चुकली असती. पिशवीतला तांदूळ गेणभाऊंच्या टेबलावर ठेवला. कुणासाठी ते सांगितलं नाही. घरचा आंबेमोहोर. खोलीभर वास.

एकोणऐंशी मार्कांची पोरगी एका नळीपायी घरी जाणार. मी उद्या बोलणार. होईल ते होईल.

मंगळवार, ८ डिसेंबर

बोलले. गाडीत.

म्हणले, मॅडम, रुपाली पिपेट वापरत नाही. तोंड लावलं तर उष्टं होईल म्हणून. ती सिलिंडरने मोजते. तिची रीडिंग खरी आहेत, मोजमाप चुकतंय. तुम्ही एकदा तिच्या शेजारी उभ्या राहिला असता तर तुम्हाला दिसलं असतं. तुम्ही टेबलामागे बसता आणि ओरडता, म्हणून कुणी तुम्हाला काही विचारत नाही. भीतीने शिकता आलं असतं तर आमची सगळी म्हसरं बी.एस्सी. झाली असती.

शेवटचं नको होतं बोलायला. पण तोंडातून गेलं.

मॅडम लाल झाली. म्हणाली, "मावशी, तुम्ही काचा धुवा. शिकवायचं मी बघेन."

पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मीही दुसरीकडे. शेवटी दोघी एकाच स्टॉपला उतरलो आणि एकाच रस्त्याने चालत गेलो, एक पुढे, एक मागे. गाढवासारखं.

शनिवार, १२ डिसेंबर

चार दिवस बोलणं नाही. मासवडी केली होती, दिली नाही. दोन तुकडे जास्त नेले होते, ते गेणभाऊंनी खाल्ले. मॅडमने ब्रेड खाल्ला. मला पाप लागलं असेल तर लागू दे.

सोमवार, १४ डिसेंबर

आज मॅडम टेबलामागे बसली नाही.

स्टूल उचललं, सात नंबरशेजारी नेऊन ठेवलं आणि त्याच्यावर बसली. पोरं बघायला लागली. मॅडम नुसती बघत बसली, दहा मिनिटं. रुपालीने सिलिंडर उचलला, ओतलं, वाकून डोळा बारीक करून रेघ बघितली, थोडं परत काढलं, थोडं टाकलं. एवढी काळजी की बघणाऱ्याचा जीव जावा.

मॅडमने विचारलं, मराठीत, "किती वेळ लागतो तुला एवढं मोजायला?"

"सात-आठ मिनिटं, मॅडम."

"आणि तीन वेळा करतेस?"

"व्हय." मग लगेच, "हो."

"'व्हय'च म्हण," मॅडम म्हणाली.

उठून आपल्या टेबलाकडे गेली. पाठ आमच्याकडे करून बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत होती. त्या कपाटात शोधण्यासारखं काही नाही, त्यात झाडू आहे.

मंगळवार, १५ डिसेंबर

गाडीत येऊन म्हणाली, "मावशी, सरका." बसली.

मग बोलत सुटली. जुलैत हेडसरांनी तिला सांगितलं होतं, बाई आहात, वयाने लहान आहात, पहिल्या दिवशी आवाज चढवा, नाहीतर पोरं डोक्यावर बसतील. ती रोज सकाळी गाडीत बसून मनात आवाज चढवायची. म्हणाली, "मराठीत बोलले तर पोरांना वाटेल हिला येत नाही, म्हणून इंग्रजी."

मी म्हणले, "पोरांना काहीच वाटत नाही. त्यांना कळतच नाही."

हसली. मग म्हणाली, "मी तीन वर्षं कॉलेजात एकसुद्धा शंका विचारली नाही, मावशी. सर असं बघायचे की बस. तेव्हा मी मनात म्हणायचे, मी शिकवायला लागले तर अशी नाही होणार."

मी भाकरी काढली. निम्मी दिली. शेंगदाण्याची चटणी होती, तीही.

सोमवार, ४ जानेवारी १९९९

आजचं नीट लिहायचं.

मॅडमने सगळ्या बॅचला सात नंबरपाशी बोलावलं. बीकरमध्ये साधं पाणी. पिपेट घेतली, तोंडाने ओढली, बोट दाबलं, खुणेवर आणलं. सगळं मराठीत सांगत होती. "गरम चहा पितो तसं हळू. जोरात ओढलं की घशात. काही जहाल असेल तर तोंड लावायचंच नाही, त्याला रबरी फुगा आहे, मागून घ्यायचा." गेणभाऊ दारात येऊन उभे. सोळा वर्षांत त्यांना मी प्रॅक्टिकल बघायला थांबलेलं बघितलं नव्हतं.

मग पिपेट धुतली आणि रुपालीपुढे धरली. "आता तू."

रुपाली हलली नाही.

"माझं उष्टं चालत नाही का तुला?" मॅडम हसून म्हणाली.

मागून नऊ नंबरचं एक पोरगं म्हणालं, "मॅडम, तिच्यात सोवळं आसतंय. तिला सोन्याची पिपेट आणा." पोरं खिदळली. मला वाटलं, आला आता हवालदार.

आला नाही. मॅडम म्हणाली, "सोन्याची नंतर आणू. आधी तू सांग, मागच्या वेळी तिन्ही रीडिंग तू पिपेटने काढलीस का रे? खरं सांग, ओरडणार नाही."

पोरगं खाली बघायला लागलं. "एकदाच काढलं, मॅडम."

"बरं. तूही हिच्या मागे उभा राहा. दोघांना परत करायचंय."

तरी रुपाली पिपेट घेईना. मॅडमकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली. सगळी बॅच माझ्याकडे. माझे हात फेसात.

मी म्हणले, "माझ्याकडं काय बघतेस? लाव की तोंड. मी धुईन."

आणि लगेच घेतली! एका शब्दावर. मॅडम तीन मिनिटं विनवत होती, तिचं नाही ऐकलं. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पहिल्यांदा एवढ्या जोरात ओढलं की पाणी घशात. ठसका लागला, डोळ्यांत पाणी, आणि हसायला लागली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मोठ्यांदा हसते, डोंगरात हाक मारल्यासारखं. मॅडमने तिच्या हातातली पिपेट घेतली, "अशी नाही, अशी," म्हणाली आणि तीच तोंडाला लावली. न धुता. रुपालीची उष्टी.

मॅडमच्या ते लक्षातही नव्हतं. ती खुणेकडे बघत होती.

मंगळवार, ५ जानेवारी

यांना सांगितलं. म्हणाले, "मॅडम गॅरेजात कामाला यील का इचार. चांगली फिटर व्हईल."

शनिवार, ९ जानेवारी

आता शनिवारी दुपारी लॅब उघडी. रुपाली सात प्रॅक्टिकलं परत करणार, फेब्रुवारी संपायच्या आत. नऊ नंबरवालाही. म्हणजे मॅडम थांबणार, म्हणजे गेणभाऊ सोल्युशनं करणार, म्हणजे मी काचा धुणार. शनिवारची माझी दुपार गेली. मला कुणी विचारलं? नाही. हेडसरांनी मॅडमला विचारलं, एका मुलीसाठी एवढं कशाला? मॅडम म्हणाली, "एका मुलीसाठी नाही सर, माझी सात प्रॅक्टिकलं चुकली आहेत." गेणभाऊंनी ऐकलं, त्यांनी मला सांगितलं. दोनदा सांगितलं.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. मॅडमने घरून वड्या आणल्या होत्या. दगडासारख्या. सगळ्या संपवल्या.

शनिवार, १६ जानेवारी

नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट नऊ.

तिसरं वाचून रुपालीने मॅडमकडे भीत भीत बघितलं. मॅडम म्हणाली, "आता लिही नऊ पॉइंट नऊ. आठ लिहायचं नाही. आलं ते लिहायचं." आणि पानावर सही केली. पहिली सही.

रुपाली सही वाळेपर्यंत पान बंद करेना.

शनिवार, ३० जानेवारी

आज पोरं दोनाची सहा झाली. वसतिगृहातल्या आणखी चार पोरी आल्या. त्यांची जर्नलं अडलेली नाहीत, तरी आल्या. एकीने मॅडमला विचारलं, "मॅडम, ते गुलाबी का व्हतं? नुसतं व्हतं एवढंच लिवलंय पुस्तकात." मॅडमने फळा भरून सांगितलं. अर्धा तास. मलाही थोडं कळलं. म्हणजे असं कळलं की इतकी वर्षं मी जे नुसतं धुऊन टाकत होते त्यात काहीतरी चाललेलं असतं.

घरी यायला उशीर. हे म्हणाले, "बी.एस्सी. झालीस का?"

सोमवार, ८ फेब्रुवारी

मॅडम आज ओरडली. दोन नंबरच्या पोराने ॲसिडच्या बाटलीशी खेळ केला म्हणून. चांगली कचकचून ओरडली. बरोबर केलं. मीही ओरडले.

शनिवार, २० फेब्रुवारी

सातवी सही झाली. पहिल्या पानावरचा शिक्काही मारला. रुपाली परीक्षेला बसणार.

मॅडम खुर्चीत बसून म्हणाली, "मावशी, चहा." चहा करायचं माझं काम नाही. केला. चौघांचा. बीकरमध्ये नाही, गेणभाऊंनी विचारलं म्हणून लिहिते.

शुक्रवार, १९ मार्च

परीक्षा झाली.

बाहेरचे परीक्षक आले होते, नगरकडचे, मिशा आणि पान. मॅडमला मधे बोलता येत नाही, ती खिडकीपाशी उभी. मी बेसिनपाशी. रुपालीला लॉटरीत सोड्याचंच टायट्रेशन आलं. पिपेट लावली, ओढली, बोट दाबलं. एकदाही ठसका नाही. तीन रीडिंग, दोन सारखी, एक दशांशाने पुढे. जसं आलं तसं लिहिलं.

मग तोंडी. परीक्षक इंग्रजीत विचारायला लागले, धडाधड. रुपाली खाली बघायला लागली, ऑगस्टसारखी. माझ्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं.

मॅडम खिडकीपासून पुढे आली. म्हणाली, "सर, तिला येतंय. मराठीत विचारलंत तर सांगेल."

परीक्षक म्हणाले, "मॅडम, हे विज्ञान आहे, मराठीचा पेपर नाही."

"रंग मराठीतही गुलाबीच होतो, सर."

आमच्या हेडसरांनी डोळे मोठे केले. मॅडमचे हात मागे होते, एकमेकांत घट्ट. परीक्षकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि विचारलं, "बरं, सांग. गुलाबी का होतं?"

रुपालीने सांगितलं. शनिवारी फळ्यावर होतं ते सगळं. वर आणखी सांगितलं की सिलिंडरने मोजलं तर काय चुकतं आणि किती चुकतं. "आमी करून बघितलंय, सर. सात येळा."

परीक्षक हसले. मला पान खाणारा माणूस पहिल्यांदा बरा वाटला.

गाडीत मॅडम माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. नारायणगाव आलं तरी उठेना. मी कंडक्टरला म्हणले, थांब जरा, प्रोफेसर आहेत.

मंगळवार, २२ जून १९९९

रुपाली पास. एस.वाय.ला नाव घातलं, वसतिगृहातली जागा राहिली. बातमी मला सांगायला आली. मी म्हणले, आता तरी सांग, इतके महिने का लावलं नाहीस तोंड? तुमच्या घरचं सोवळं एवढं कडक?

"आमच्यात कुठलं सोवळं, मावशी. पयल्या दिवशी तुमीच म्हणला व्हता. 'सगळ्यांची थुकी म्याच धुवायची का, माझ्या नळ्यांना तोंड लावाल तर याद राखा.'"

मला आठवत नाही. पण शब्द माझेच. दरवर्षी नव्या पोरांना कामाच्या घाईत काहीतरी म्हणते. बाकीची हसतात. हिने ऐकलं.

"मग मॅडमला का नाही सांगितलंस?"

"त्या तुमाला बोलल्या आसत्या."

आणि मी वर्षभर मॅडमला शिकवत होते, पोरांशी कसं बोलावं ते.